फार्मसीला नंबर लागत नाही तोवर

बी.फार्मच्या प्रवेशात आमच्याकडच्या पोरांना तीनदा थांबावं लागतं. आधी कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाची फेरी, कधी सुरू होतो याची वाट. मग एका फेरीत मिळालेलं कॉलेज पुढच्या फेरीत बदलेल का, याची वाट. आणि सगळ्या फेऱ्या आटोपल्या की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागलेल्या वेटिंग लिस्टची वाट. तिन्हींचे नियम वेगळे आहेत, धोके वेगळे आहेत. घरी मात्र तिन्हींना एकाच मापानं मोजतात, आणि मग जिथं शांत बसायचं तिथं धावपळ होते, जिथं धावायचं तिथं बसून राहतात.

हा लेख आर्णी, घाटंजी, धारणी, लोणार, अहेरी अशा ठिकाणांहून फॉर्म भरणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी आहे. जिथं फॉर्म सायबर कॅफेत भरला जातो, ओटीपी काकाच्या मोबाइलवर येतो आणि दाखल्यासाठी तहसीलच्या गावाला एसटीनं जावं लागतं.

जागा खूप, मग वाट कशाची?

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की फार्मसीच्या जागांचा आता दुष्काळ नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये नवीन कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती कोर्टात टिकली नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कॉलेजांच्या बाजूनं निकाल दिला. त्यानंतर कॉलेजं भराभर वाढली. तालुक्याच्या गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला, कालपर्यंत तूर असलेल्या वावरात ‘फार्मसी’ लिहिलेली कमान दिसते ती त्यामुळेच. म्हणजे कुठंतरी जागा मिळणं फारसं अवघड उरलेलं नाही. वाट पाहायची असते ती एखाद्या ठरावीक जागेची: अमरावतीचं सरकारी फार्मसी कॉलेज, नागपूर विद्यापीठाचा औषधनिर्माणशास्त्र विभाग, किंवा वर्धा, यवतमाळ, पुसद, कामठीकडची नाव असलेली जुनी खासगी कॉलेजं. त्यामुळे "नंबर लागेल का" या प्रश्नाआधी "कुठं लागला तर घेणार आणि कुठं लागला तरी नाही घेणार" हे घरात बसून ठरवायला पाहिजे. ते ठरलं नसेल तर पुढचं काहीच सुटत नाही.

कॉलेज निवडताना लोक इमारत पाहतात, बस पाहतात. मी म्हणेन, आधी कौन्सिलची मान्यता पाहा. फार्मसी कायदा १९४८ चा आहे आणि त्याच्या कलम १२ खालची मान्यता नसलेल्या कॉलेजातून पदवी घेतली, तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणीच होत नाही. चार वर्षं शिकून हातात फक्त कागद. मान्यता त्या त्या वर्षापुरती आणि ठरावीक जागांपुरती मिळते, आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर कॉलेजनिहाय पाहता येते. "अर्ज केला आहे, येऊन जाईल" हे ऑफिसातल्या माणसाचं बोलणं मान्यता नव्हे.

हीच मान्यता उशिरा येते म्हणून अलीकडे बी.फार्मच्या फेऱ्याही उशिरा सुरू होतात. इंजिनीअरिंगवाला शेजारी कॉलेजला जाऊ लागतो आणि आपलं पोर घरीच. यात पोराचा काही दोष नाही, आणि या पहिल्या वाटेत तुम्ही करण्यासारखंही फार नाही; फक्त एक काम आहे, ते कागदपत्रांचं. त्याकडे पुढे येतो.

बी.फार्म आणि डी.फार्म: दोन वेगळे फॉर्म

डी.फार्म, म्हणजे पदविका, दोन वर्षांचं आणि वर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. प्रवेश बारावीच्या पीसीबी किंवा पीसीएम गुणांवर, सीईटीची गरज नाही. फॉर्म तंत्रशिक्षण संचालनालयाकडे. बी.फार्म चार वर्षांचं, आठ सेमिस्टर. त्याला एमएचटी-सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) किंवा नीट दिलेली हवी, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायोलॉजी किंवा मॅथ्ससारखा विषय, आणि त्यात खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना ४० टक्के. फॉर्म राज्याच्या सीईटी सेलकडे.

दोन्हींच्या तारखा, पोर्टल, याद्या वेगवेगळ्या. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला जात नाही. हे सांगायची गरज नसावी, पण दरवर्षी कोणीतरी बी.फार्मच्या वेटिंगवर राहतो आणि डी.फार्मची तारीख निघून गेल्यावर विचारतो, "आता डी.फार्मला तरी होते का?"

गावात स्वतःचं मेडिकल टाकायचं असेल, किंवा जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात औषध निर्माण अधिकारी व्हायचं असेल, तर डी.फार्मवरही नोंदणी होते. फक्त कौन्सिलच्या २०२२ च्या नियमांनी डी.फार्मनंतर नोंदणीआधी एक एक्झिट परीक्षाही आणली आहे, ती धरून चालायचं. कंपनी, रिसर्च, एम.फार्म, ड्रग इन्स्पेक्टर अशी वाट हवी असेल तर बी.फार्म. आणि डी.फार्म करून बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं; एकूण पाच वर्षं लागतात, पण दोन वर्षांनी हातात एक रोजगार असतो. घरची कोरडवाहू शेती असलेल्या मुलासाठी हा मार्ग कमी दर्जाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीच्या पीसीबी गटात फिजिक्सचे ५०, केमिस्ट्रीचे ५० आणि बायोलॉजीचे १०० प्रश्न असतात, प्रत्येकी एक गुण, चुकीला गुण कापत नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि पेपर सारखे नसतात. म्हणून गुण न देता पर्सेंटाइल देतात. ७८ पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात बसलेल्या शंभरातली ७८ मुलं तुमच्याइतकी किंवा तुमच्या खाली आहेत. २०० पैकी १५६ गुण पडले असा त्याचा अर्थ नाही. खरे गुण त्याहून बरेच कमी असू शकतात. त्यामुळे "माझ्या पोराला ७८ टक्के, तिच्या पोरीला बारावीला ८४, मग तिला वर कसं" ही चर्चा निरर्थक आहे.

कटऑफ वाचतानाही एक सावधगिरी. मागच्या वर्षीचा कटऑफ म्हणजे त्या कॉलेजात, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या पर्सेंटाइलला झाला, एवढंच. तो कॉलेजनं ठरवलेला नसतो. पहिल्या फेरीचा आकडा पाहून खचू नका, शेवटच्या फेरीचाही पाहा. यादीत प्रवर्गाच्या आधी ‘एल’ असेल तर ती मुलींसाठीच्या ३० टक्के राखीव जागांपैकी असते आणि तिथला आकडा अनेकदा खाली असतो. मुलीसाठी कॉलेज पाहताना ‘जी’ (सर्वसाधारण) आणि ‘एल’ दोन्ही रकाने पाहायचे.

ऑप्शन फॉर्म: सायबरवाल्याचं गणित

कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथं थोडं थांबू.

समजा घाटंजीजवळच्या एका मुलीला ७८ पर्सेंटाइल आहेत. तिला मनातून हवं अमरावतीचं सरकारी. नाही तर यवतमाळ शहरातलं एखादं. तेही नाही तर घरापासून जाऊन-येऊन होणारं नवीन कॉलेज. फॉर्म भरताना कॅफेवाला म्हणतो, "सरकारी तुले भेटत नाही, काहून टाकतं? पहिला नंबर वाया जाईन. जवळचंच वर टाक, पक्कं होऊन जाईन."

कॉम्प्युटर असं काम करत नाही. तो मेरिट लिस्टनं चालतो. या मुलीचा नंबर आला की तिच्या यादीतलं पहिलं कॉलेज उघडतो. तिच्या प्रवर्गात जागा उरली असेल तर देतो, नसेल तर दुसरं उघडतो, मग तिसरं. तिनं जवळचं कॉलेज तिसरं लिहिलं आणि तिच्याहून कमी मेरिटच्या मुलानं तेच पहिलं लिहिलं, तरी ते आधी तिलाच विचारलं जातं, कारण मेरिटमध्ये ती आधी आहे. न मिळणारं कॉलेज वर लिहिल्यानं काही जात नाही. हवं असलेलं कॉलेज खाली लिहिल्यानं मात्र जातं, कारण वरचं मिळालं की खालचं पाहिलंच जात नाही. तेव्हा क्रम एकच: मनात जो आहे तो.

पण त्याला दुसरी बाजू आहे. २०२५-२६ च्या प्रवेशांपासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि वरच्या पर्यायांना वजन आलं. पहिल्या फेरीत तुम्ही लिहिलेला पहिलाच पर्याय मिळाला, तर तो आपोआप फ्रीझ होतो. घ्यायचा, नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कोणताही मिळाला तरी तसंच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. म्हणून "टाकून पाहू" म्हणून नागपूरचं एखादं कॉलेज तिसऱ्या नंबरावर टाकलं आणि दुसऱ्या फेरीत तेच लागलं, तर हॉस्टेल आणि मेसचा खर्च झेपत नाही हे तेव्हा आठवून उपयोग नाही. वरची सहा नावं घरी बसून, बापाच्या समोर, खर्च मांडून लिहा. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते आणि नियम बदलतात. आपल्या वर्षाची पुस्तिका डाउनलोड करून प्रवेश फेऱ्यांचं प्रकरण तरी वाचाच.

आणि लॉगिन. युजर आयडी, पासवर्ड आपल्या वहीत, मोबाइल नंबर घरचा. कॅफेवाल्याचा नंबर टाकला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पर्यायांचा फॉर्म कोणी, कधी, कोणत्या कॉलेजच्या सांगण्यावरून बदलला ते कळत नाही. फॉर्म कन्फर्म झाल्यावर प्रिंट घ्या आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच ठिकाणाहून लॉगिन करून ताडून पाहा. संशयी वाटेल, वाटू द्या.

हातचं ठेवून पुढचं पाहणं

फेरीत कॉलेज लागलं पण ते आपोआप फ्रीझ होणारं नाही, तेव्हा दोन रस्ते असतात. फ्रीझ केलं की विषय संपला. पुढच्या फेऱ्यांत तुम्ही नाही. बेटरमेंट घेतलं, म्हणजे जागा स्वीकारून सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे १,००० रुपये भरले, की हातातली जागा राहते आणि पुढच्या फेरीत त्याहून वरचं मिळतं का ते पाहता येतं. मिळालं तर जुनी जागा आपोआप सुटते. नाही मिळालं तर जुनी राहते.

यात दोन खाचखळगे. नवीन जागा लागली की जुनी परत मागता येत नाही, मग नवीन कितीही नावडो. म्हणून बेटरमेंटच्या फेरीत फक्त तीच कॉलेजं लिहायची जी हातातल्यापेक्षा खरोखर बरी वाटतात. यादी लांब दिसावी म्हणून भरती करायची नाही. दुसरं, काही मुलं लागलेली जागा स्वीकारतच नाहीत, "पुढच्या फेरीत पाहू" म्हणतात. ते बेटरमेंट नव्हे. जागा गेली.

माझं मत विचाराल तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत बेटरमेंट घ्यायला कचरू नये. आपल्याकडची पीसीबीची पोरं एकाच वेळी चार दारं ठोठावत असतात: एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं बी.एस्सी. अ‍ॅग्री. त्यांच्या फेऱ्या पुढे सरकतात तशी फार्मसीत वर बसलेली मुलं उठून जातात आणि मागची पुढे येतात.

कागदं: खरी फेरी हीच

कित्येक मुलांचा नंबर पर्सेंटाइलमुळे जात नाही, कागदामुळे जातो. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त-भटके), एसबीसी (विशेष मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही लागतात. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाअखेरच्या ३१ मार्चपर्यंत असायला हवी. संपलेलं चालत नाही. एससी, एसटीला नॉन-क्रिमीलेअर नाही, पण वैधता आहेच. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र वेगळं, उत्पन्नाचा दाखला वेगळा, डोमिसाइल वेगळं. सेतूवर हे सगळं जून-जुलैत काढायला गेलं की अख्खा तालुका रांगेत असतो. एप्रिलमध्ये, सीईटी झाली की, काढायला लागा.

वैधता मात्र एप्रिललाही उशीरच. तिचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाकायला हवा. समिती विचारते ती मानीव तारखेआधीची नोंद: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची. म्हणजे आजोबा-पणजोबांची. आमच्याकडे ती बहुधा कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नक्कलेत सापडते, नाही तर आजोबा ज्या शाळेत दुसरी-तिसरी शिकले तिथल्या दाखल-खारीज रजिस्टरात. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये ते जुनं बाड काढून घ्यायला दोन-चार चकरा होतात. आधी घरातल्या कोणाची वैधता झाली असेल, काकाची किंवा वडिलांच्या घराण्यातल्या कोणाची (आत्येभावाची नव्हे), तर काम फार सोपं होतं. पहिला प्रश्न तोच विचारा.

वैधता हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती लावून नोंदणी करता येते आणि प्रमाणपत्रासाठी नंतरची तारीख दिली जाते. ती तारीख उलटली तर त्या प्रवर्गातली जागा जाते. विदर्भातल्या हलबा कोष्टी कुटुंबांना याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं हलबा या अनुसूचित जमातीत हलबा कोष्टी येत नाहीत असा निर्णय दिला, आणि तो खटला एका वैद्यकीय प्रवेशावरूनच उभा राहिला होता.

मेरिटची तात्पुरती यादी लागली की तक्रारीसाठी दोन-तीन दिवस मिळतात. नाव, प्रवर्ग, गुण, लिंग, सगळं त्याच दिवसांत तपासायचं. ‘एफ’ च्या जागी ‘एम’ पडला म्हणून मुलींच्या जागेवरचा हक्क जाऊ शकतो. अंतिम यादी लागल्यावर कोणी ऐकत नाही.

कॉलेजची वेटिंग लिस्ट

कॅप आटोपली. आता कॉलेज पातळीवर भरायच्या जागा उरतात. खासगी विनाअनुदानित कॉलेजात साधारण २० टक्के जागा संस्थास्तरावर असतात, आणि कॅपमधून रिकाम्या राहिलेल्याही इथं येतात. कॉलेज जाहिरात देतं, मुलं अर्ज करतात, मेरिटनुसार यादी लागते. वेटिंग नंबर २३. घरी चेहरे उतरतात.

आता एसटी स्टँड आठवा. यवतमाळची गाडी फलाटावर लागायच्या आधी खिडकीतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. बाहेरून पाहणाऱ्याला गाडी भरलेली दिसते. पण त्यातल्या कित्येकांचा रुमाल शेजारच्या गाडीतही आहे आणि जी आधी निघेल तिच्यात ते बसणार आहेत. कॉलेजची वेटिंग लिस्ट तशीच असते. वरची तीच पंधरा-वीस नावं आसपासच्या सहा-सात कॉलेजांच्या यादीत दिसतात. एक मुलगा एकाच ठिकाणी बसणार, बाकी ठिकाणचे रुमाल उचलले जाणार. म्हणून वेटिंग २३ म्हणजे तुमच्यापुढे २२ जण आहेत, असं धरून रडायचं नाही. आणि नक्की लागेलच असं धरून बाकीचे पर्याय सोडायचेही नाहीत. शेजारच्या दोन-तीन कॉलेजांच्या याद्या मोबाइलवर फोटो काढून आणा आणि तुमच्या वरची किती नावं दोन्हींकडे आहेत ते मोजा. अंदाज येतो.

यादीतल्या नंबराइतकंच महत्त्व त्या दिवशी हजर असण्याला आहे. कॉलेज वेळ ठरवून नावं पुकारतं. जो हजर नाही त्याला सोडून पुढचं नाव घेतात. सकाळी दहाला बोलावलं असेल आणि तुमची पहिली गाडी साडेनऊला सुटत असेल, तर आदल्या रात्री नातेवाइकाकडे मुक्काम करा. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच, फोटो आणि पहिल्या हप्त्याचा डीडी किंवा यूपीआयची मर्यादा, सगळं सोबत. ‘पैसे उद्या आणतो’ म्हटलं की नाव पुढच्याचं पुकारतात. आणि कट-ऑफ तारीख, म्हणजे प्रवेशाची शेवटची तारीख, उलटल्यावर दिलेला प्रवेश प्रवेश नियामक प्राधिकरण मान्य करत नाही, कॉलेज कितीही "करून घेऊ" म्हणो.

याच दिवसांत फोन सुरू होतात. "सीट पक्की करून देतो, सीईटीचं टेन्शन नको." सीईटी किंवा नीटमध्ये शून्याहून जास्त गुण नसलेल्याला बी.फार्मला प्रवेशच नाही, मग टेन्शन कोण घेणार? देणगी घेणं तर महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी कायद्यानं गुन्हा आहे. पावती न देता मागितलेला रुपया द्यायचा नाही.

वेटिंगची किंमत रुपयांत

लोक नावाकडे पाहतात, मी आधी फीच्या सवलतीकडे पाहायला सांगतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींची कॉलेजची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी शिक्षण फी मिळते. एससी, एसटी, व्हीजेएनटीच्या योजना वेगळ्या. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. पण या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशासाठी आहेत. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला त्या लागत नाहीत.

म्हणजे कॅपमध्ये लागलेलं साधं कॉलेज सोडून वेटिंगमधून नावाजलेल्या कॉलेजात संस्थास्तरावरची जागा घेतली, तर चार वर्षांच्या फीचा फरक शेतावर बोजा चढवण्याइतका पडू शकतो. पैसे भरण्याआधी कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर सरळ विचारा: ही जागा कोणत्या प्रकारात दाखवणार आणि महाडीबीटीला चालणार का? शुल्क नियामक प्राधिकरणानं त्या कॉलेजची फी किती ठरवली आहे, तेही वेबसाइटवर पाहता येतं.

आणि सवलत असली तरी डेव्हलपमेंट फी, खोली, मेस हे खिशातूनच. हा खर्च येतो पोळ्याच्या आसपास, जेव्हा घरात पैसा नसतो. सोयाबीन दसऱ्याला, कापूस त्याहून मागून. कॉलेजला हप्ते मागायला लाजू नका. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम्. सरकारी वसतिगृहाचा फॉर्म वेगळा आणि त्याचीही तारीख असते. प्रवेशाच्या गडबडीत तो हमखास सुटतो.

दरम्यानचे दिवस

मुलांना सगळ्यात जास्त छळतो तो फोन. दर दहा मिनिटांनी पोर्टल रिफ्रेश, ग्रुपवर कोणीतरी टाकलेली खोटी नोटीस, आणि पारावर बसलेल्या मोठ्यांचं "काय मग, अजून घरीच का?" सीईटी सेलच्या वेबसाइटवर सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाहिलं की पुरे, महत्त्वाच्या तारखांना दिवस दिलेले असतात, मिनिटं नव्हे. पारावरच्यांना आईबापानं उत्तर द्यावं, पोरावर सोडू नये. "फेऱ्या चालू आहेत, एक जागा हातात आहे" एवढं वाक्य पुरतं, आणि ते खरं असावं यासाठीच तर हातात एक जागा ठेवायची.

डोकं गुंतवायला काम हवं असेल तर अभ्यासाचं आहे. पीसीबीवाल्यांना पहिल्या सेमिस्टरला रेमेडियल मॅथ्स असतं, पीसीएमवाल्यांना रेमेडियल बायोलॉजी. मराठी किंवा सेमी माध्यमातून आलेल्याला खरा धक्का बसतो तो इंग्रजीतल्या अ‍ॅनाटॉमीचा. हाडांची आणि अवयवांची नावं आताच पाठ केली तर ऑक्टोबर सुसह्य जातो. ओळखीच्या मेडिकलवर बसून औषधांची मांडणी, बिल, एक्स्पायरी पाहायला मिळाली तर जरूर पाहा, पण औषध द्यायचं काम करू नका. कायद्यानं ते नोंदणीकृत फार्मासिस्टचं आहे.

ड्रॉप घ्यायचा का, हा प्रश्न याच दिवसांत येतो. नीटसाठी पुन्हा बसायचं असेल आणि मागच्या वेळी थोडक्यात हुकलं असेल तर समजू शकतं. पण केवळ अमुक फार्मसी कॉलेज मिळालं नाही म्हणून वर्ष घालवणं मला पटत नाही. अभ्यासक्रम फार्मसी कौन्सिलचा आहे, आणि अमरावतीला शिका की पुसदला, विषय तेच राहतात. फरक पडतो तो शिक्षकांचा आणि लॅबचा, आणि ते पाहायला एकदा कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोललं तर अर्ध्या तासात कळतं.

शेवटी वेटिंगमधून हवी ती जागा मिळाली, तर जुनीचं काय, हे नीट उरका. कॉलेजला तोंडी सांगून भागत नाही. पोर्टलवरून रद्द करायचं आणि त्याची पावती घ्यायची. कट-ऑफ तारखेआधी रद्द केलं तर कॉलेज फक्त १,००० रुपये कापून बाकी फी परत देतं, आणि मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा त्याला अधिकार नाही. हे त्याच दिवशी करा. पोर्टलवर ती जागा तुमच्या नावावर दिसते तोवर त्या कॉलेजच्या वेटिंगवर बसलेल्या पुढच्या पोराला ती देता येत नाही.